भिंतीवरच्या दोघी

यंदा पौषात नाशिकला धुकं पडलं. आमच्या कॉलनीत त्याचं भलतंच कौतुक झालं. मुलं शाळेत जायच्या आधी गच्चीवर जाऊन फोटो काढून आली, दूधवाला उशिरा आला तरी त्याला कुणी बोललं नाही. मी खिडकी उघडून उभी राहिले. समोरची पाण्याची टाकी नाहीशी झाली होती, तिच्यामागची इमारतही. आणि मला एकदम ओल्या चुन्याचा वास आला. खरं तर इथे चुना कुठला, सगळीकडे सिमेंट. पण वास आला. पाठोपाठ दगडी कोळशाचा धूर आला, सोललेल्या मटाराचा हिरवा वास आला, आणि बघता बघता मी काशीतल्या एका शाळेच्या अंगणात, अर्ध्या रंगवलेल्या भिंतीसमोर जाऊन पोचले. हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं. घरात सांगायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

काशीत धुक्याला कोहरा म्हणतात. आपल्याकडे धुकं पडतं आणि उन्हं आली की जातं. तिथला कोहरा येऊन बसतो. पाहुण्याने पाय पसरावेत तसा गल्लीत, जिन्यात, अंथरुणात.

नव्वदीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ह्यांची बँकेतली बदली बनारसला झाली तेव्हा माझ्या आईने साताऱ्यात घरोघर सांगितलं, आमच्या सुधाला काशीवास घडणार. प्रत्यक्षात ह्यांची शाखा निघाली गाजीपूरच्या बाजूला, एका बाजाराच्या गावात. शनिवारी संध्याकाळी ते यायचे आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत जायचे. मधले दिवस माझे एकटीचे.

मंगला गौरीच्या देवळाजवळ, एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली घरमालकीण कमलकाकू. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून काशीतलं, यजमान पौरोहित्य करणारे. शेजार मराठी आहे म्हटल्यावर मला वाटलं होतं, अर्धं माहेरच मिळालं. पहिल्याच सकाळी काकूंनी जिन्यातून हाक मारली, "अगं सुधा, नल आला, बाल्टी लाव पटकन!" नळाला पाणी आलं असं त्या म्हणताहेत हे कळेपर्यंत मी घोटाळत राहिले आणि पाणी गेलं. त्यांची मुलं तर आपसात हिंदीच बोलायची. माझं बोलणं ऐकून काकू हसायच्या.

"तुझी मराठी फार तेज आहे गं. आमची इथे घिसून घिसून गोल झाली."

त्या मायाळू होत्या, यात शंका नाही. पण संध्याकाळी देवळात त्यांच्या ओळखीच्या बायका जमल्या की बोलणं सुरू व्हायचं ते कुणाच्या पणजीने कोणत्या घाटावर काय दान केलं इथपासून. त्या गोष्टींमध्ये मला शिरायला दार नव्हतं. परक्या भाषेतलं एकटेपण माणूस गृहीत धरतो. आपल्या भाषेत परकं होणं जास्त जड जातं. मग मी उठून संकठा घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. तिथला एक नावाडी रोज विचारायचा, "बहनजी, नाव?" मी रोज मान हलवायची. उद्याही नको म्हणणार हे त्याला ठाऊक होतं, तरी विचारायचा. कित्येक दिवस असे गेले की माझ्याशी कुणी बोललेलं एवढंच.

अशात एका लहानशा मुलींच्या शाळेत मला चित्रकला शिकवायचं काम मिळालं. शाळा घाटावरच्या वस्तीतच होती. मधोमध फरसबंद अंगण, भोवती वर्ग, आणि नदीच्या बाजूला एक मोठी कोरी भिंत. मुख्याध्यापिकेला सगळ्या बड़ी बहनजी म्हणत. उंच, सडपातळ, कायम राखाडी शालीत. दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावून ती भिंत दाखवली. वसंत पंचमीला सरस्वतीची पूजा, बाहेरचे पाहुणे यायचे होते. तोवर भिंतीवर चित्र हवं होतं.

"विषय रखिए, शिक्षा और समाज," त्या म्हणाल्या. "और हर चीज़ का अर्थ होना चाहिए. सिर्फ़ फूल-पत्ती नहीं."

मी कागदावर आराखडा केला आणि अर्थांची नुसती रेलचेल करून टाकली. उगवता सूर्य म्हणजे ज्ञान. उघडं पुस्तक, त्याच्या पानांमधून उडणारे पक्षी, म्हणजे मोकळे झालेले विचार. हंस म्हणजे विवेक. मधोमध वड, त्याच्या पारंब्या जमिनीकडे येता येता हात होतात आणि ते हात एकमेकांत गुंततात, तो समाज. खाली गंगा, ती परंपरा. नदीतून वर चढणाऱ्या पायऱ्या आणि त्यांवरून चढणाऱ्या मुली, ती प्रगती. बड़ी बहनजी खूश झाल्या.

नंतर आयुष्यात मी पुष्कळ शाळांच्या भिंती पाहिल्या. गावोगावी तेच पुस्तक, तोच दिवा, तेच गुंफलेले हात. आणि सूर्य तर प्रत्येक शाळेत उगवतच असतो. शाळेच्या भिंतीवर कुणी संध्याकाळ काढलेली मी पाहिली नाही. मुलांना आपण सगळं काही शिकवतो, दिवस मावळल्यावर काय करायचं तेवढं सोडून.

अंगणालगतच्या खोलीत शिवणकामाचा वर्ग भरायचा. तिथे सईदा शिकवायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, लग्न व्हायचं होतं, मदनपुऱ्याहून, विणकरांच्या वस्तीतून, रोज यायची. तिचे वडील साड्यांची नक्षी कागदावर उतरवून देत, भाऊ मागावर बसत. आल्या आल्या बुरखा खुंटीला अडकवून ती बोलायला लागे ते घरी जाईपर्यंत. तोवर आमचं 'नमस्ते', 'आदाब' यापलीकडे काही नव्हतं. मी आराखडा भिंतीशी धरून अंदाज घेत होते, तेव्हा ती दोरा ओवत माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"बहुत अच्छा है, दीदी," ती म्हणाली. "मगर इसमें सब काम पर लगे हुए हैं."

"मतलब?"

"कोई चढ़ रहा है, कोई दे रहा है, कोई ले रहा है. किसी के पास कोई बैठा नहीं है."

मी तिला समजावलं की हे प्रतीकात्मक चित्र आहे, यातली माणसं म्हणजे कल्पना आहेत. "हाँ, वो तो है," असं म्हणून ती आत निघून गेली. मी मात्र कागद हातात धरून तिथेच उभी. माझ्या घरात येऊन माझे दिवस बघून गेल्यासारखं ती बोलली होती.

भिंतीवर चौकटी आखायच्या तर गेरूत भिजवलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरावी लागते, मग मधून ओढून सोडली की लाल रेघ उमटते. एकटीचं काम नव्हे ते. मी सईदाला विचारलं. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. दोरी सुटली की गेरूचा फवारा तिच्या तोंडावर उडायचा आणि ती ओरडायची, "या अल्लाह, दीदी, होली अभी दूर है!" वर्गातल्या मुली खिडकीला लोंबकळून हसायच्या. मीही हसायची. हसताना गाल दुखतात हे मला त्या अंगणात नव्याने कळलं.

मग कोहरा आला. भिंत वाळेना. सकाळी लावलेला रंग दुपारीही बोटाला लागायचा. शाळेची शिपाईण पितळी घमेल्यात कोळसे पेटवून आणायची. आम्ही दोघी त्याच्या कडेला मटार सोलत भिंत वाळायची वाट बघायचो. पोहे आणि मटार तुपात परतून तिथे चूड़ा-मटर करतात, तो शिपाईणीच्या हातचा फार छान व्हायचा. सईदा बोलायची. भावांच्या भांडणांबद्दल, साडीच्या काठावरच्या कोयऱ्यांबद्दल, लहानपणी गंगेत पडली त्याबद्दल. मी ऐकायची. मध्येच ती विचारायची, "आप मराठी में कुछ बोलिए ना." मी काय बोलणार? म्हटलं, "आज फार थंडी आहे." तिने ते इतकं मन लावून म्हणून पाहिलं की मी तिच्याकडून ते आणखी दोनदा म्हणवून घेतलं. त्या शहरात माझं मराठी कुणीतरी हौसेने ऐकत होतं.

चित्राभोवती काठ हवा, ही कल्पना तिची. बिनकाठाची साडी कशी दिसेल, म्हणाली. वडिलांकडून एक कोयरीची नक्षी उतरवून आणली आणि शिवणाचा वर्ग संपला की ती स्टुलावर उभी राहून काठ रंगवायची. वरची बाजू झाली, डावी झाली.

डिसेंबरात अयोध्येत आणि मग देशभर जे घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीत ते आलं ते शांतता होऊन. सकाळी काकू जिन्यातून ओरडल्या, "सुधा, खिडकी बंद ठेव. कर्फ्यू लागला. दरवाजा कुणाला उघडू नकोस." हे शाखेच्या गावी अडकले. फोनचं दुकान बंद. घंटा नाहीत, फेरीवाले नाहीत, माणसांच्या पायांचे आवाज नाहीत. फक्त माकडं पत्र्यांवरून उड्या मारायची, तेव्हा मी खिडकीची कडी पुन्हा चाचपायची. दूरवरून कधी एकदम गलका यायचा, आणि तो कुठल्या दिशेने आला हे त्या कोहऱ्यात कळायचं नाही. काकू वाटीतून खिचडी पाठवायच्या. एवढं सोडलं तर मी आणि त्या दोन खोल्या. एका दुपारी मी मोठ्याने स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. आवाज चिरका आला, कुणा दुसरीचाच असावा तसा. मदनपुऱ्यात काय चाललं असेल याचा विचार मी करायचा नाही असं ठरवायची आणि त्याखेरीज दुसरा कुठला विचार डोक्यात यायचा नाही.

कर्फ्यू उठला. हे आले, दोन दिवस राहिले, परत गेले. थंडीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडली. शिवणखोलीतली खुंटी रिकामी.

"आ जाएगी," बड़ी बहनजी म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच म्हणाल्या, "क्या पता."

उरलेल्या चौकटी आखायच्या होत्या. मी दोरीचं एक टोक खिळ्याला बांधलं आणि दुसरं ताणून धरलं. रेघ नीट उमटली. मुली खिडकीतून बघत होत्या, पण कुणी हसलं नाही.

शेवटी मी ठरवलं, जायचं. काकूंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "मदनपुऱ्याला? आत्ता? दिमाग ठिकाणावर आहे ना तुझा? नवरा गावात नाही, काही झालं तर मी काय जवाब देऊ?" त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. मीही घाबरले होते. चौकातून रिक्षा केली. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, नक्की तिकडेच ना? मदनपुऱ्यात निम्मी दुकानं बंद होती. सईदाच्या वडिलांचं घर विचारत गेले तेव्हा पानाच्या गादीवरची माणसं बोलायची थांबली, माझ्याकडे बघत राहिली, मग एक म्हातारे गृहस्थ स्वतः उठून दारापर्यंत पोचवायला आले.

दार सईदानेच उघडलं. मला बघून तिचा हात तोंडावर गेला. आत नेलं, गादीवर बसवलं, आईला हाक मारली. चहा झाला. माग बंद होते, त्यामुळे घर फार मोठं वाटत होतं. कर्फ्यूतलं ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. इतकी बोलकी मुलगी, आणि आम्ही दोघी बशीतल्या बिस्किटांकडे बघत बसलो.

"दीवार सूखी?" तिने विचारलं.

"अजून नाही," मी मराठीतच बोलून गेले. तिला कळलं.

मग तिने सांगितलं. आता ती येणार नव्हती. मोहल्ल्यातच मुलींची एक शाळा आहे, तिथे शिवण शिकवेल. "अब्बू कहते हैं, इतनी गलियाँ पार करके अकेली मत जाओ. ग़लत भी नहीं कहते, दीदी." ते खरंच चुकीचं सांगत नव्हते. तीच तर अडचण होती. भांडायला समोर कुणी नव्हतं. फक्त गल्ल्या होत्या, महिन्यापूर्वी होत्या तेवढ्याच लांब, आणि आता पार करता न येण्याजोग्या.

"काठ अर्धा राहिलाय," मी म्हटलं.

"आप कर लीजिए. सीधी कोयरी, फिर उलटी, फिर सीधी." तिने हवेत बोट फिरवून दाखवलं.

परत आले आणि उरलेला काठ काढला. माझ्या कोयऱ्या तिच्यासारख्या झाल्या नाहीत, जरा फुगीर झाल्या. मग चित्राच्या तळाशी, सगळ्यात खालच्या पायरीवर, आराखड्यात नसलेल्या दोन बाया मी काढल्या. एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या. मध्ये मटाराच्या शेंगांचा ढीग. एक हात उडवून काही तरी सांगते आहे, दुसरी शेंग सोलायची विसरून ऐकते आहे. दोघींच्या डोक्यावर सारखेच पदर. कुठली कोण हे कळण्यासारखं मी काही ठेवलं नाही. भीती म्हणा, शहाणपण म्हणा.

बड़ी बहनजी चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या. "ये दोनों क्या कर रही हैं?"

"बातें कर रही हैं."

"इसका अर्थ?"

मी कुंचला फडक्याला पुसू लागले. "मटर किसका प्रतीक है, सुधाजी?" त्यांनी पुन्हा विचारलं. त्या शिवणखोलीच्या बंद दाराकडे बघून आत निघून गेल्या. पुसा म्हणाल्या नाहीत.

वसंत पंचमीला पिवळ्या ओढण्या घेतलेल्या मुली, झेंडूच्या माळा, बुंदीचा प्रसाद. प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी छडी घेऊन चित्रातलं एकेक प्रतीक उलगडून सांगितलं. सूर्य, हंस, वड सगळं बरोबर सांगितलं. छडी खाली आली आणि क्षणभर थांबली. मग ते प्रसन्न होऊन म्हणाले, "और ये दो स्त्रियाँ, गंगा और यमुना! बीच में माँ अन्नपूर्णा का प्रसाद!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उठणार होते. बड़ी बहनजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"रहने दीजिए," त्या पुटपुटल्या. "गंगा-यमुना ही रहने दीजिए. दीवार बची रहेगी."

त्यांना सगळं कळलं होतं. माझ्याखेरीज आणखी एका माणसाला ते कळलं होतं, एवढ्यावर मी तो दिवस काढला. घरी येऊन मात्र खूप रडले. सगळी शाळा त्या दोघींसाठी टाळ्या वाजवत होती, आणि त्यांतली एक तिथे नव्हती.

नंतरचं आधी सांगून टाकते. दोन वर्षांनी आमची बदली झाली, मग होतच राहिली. काकू गेल्या. अलीकडे त्यांच्या सुनेचा फोन आला होता, तिने हिंदीतूनच सांगितलं की शाळेवर नवा मजला चढला आणि अंगणातली ती भिंत पाडली. मला फारसं वाईट वाटलं नाही. भिंती पडायच्याच. सईदाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. ज्या दुपारीबद्दल आता सांगणार आहे, त्यानंतर आमची भेट झाली नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली दुपार. शाळेला सुट्टी होती, लूचं तापलेलं वारं वाहत होतं, सगळी गल्ली दारं लावून झोपली होती. खालून काकूंची हाक आली, "सुधा, कुणी आलंय." जिन्यात काळा बुरखा. तिने तोंडावरचं कापड वर केलं, घामाने चेहरा निथळत होता.

"कोण आहे गं?" काकूंनी हळूच विचारलं.

"मैत्रीण आहे माझी."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग उभी काय आहेस? पाणी दे तिला. ऊन किती आहे." आणि स्वतःच आत जाऊन पेला भरून घेऊन आल्या.

सईदाला चित्र बघायचं होतं. भाऊ सायकलवरून घेऊन आला होता, कोपऱ्यावर सावलीत थांबला होता. त्याला अर्धा-पाऊण तासच वेळ होता. शिपाईणीकडून किल्ली आणली, अंगणाचं दार उघडलं. उन्हात अंगण भगभगत होतं. सईदा आधी काठाजवळ गेली, माझ्या फुगीर कोयऱ्यांवरून बोट फिरवलं आणि हसली. मग खाली बघितलं. मटाराच्या ढिगावर बोट टेकवलं.

"इनमें मैं कौन-सी हूँ?"

"जी बोलते आहे ती."

"और सामने आप." ती वाकून बघत होती. "नए स्कूल में कोई सुनता नहीं, दीदी. अच्छे लोग हैं, सब अच्छे हैं. बस, सुनता कोई नहीं."

मग तिने सहज सांगावं तसं सांगितलं की तिचं लग्न ठरलं आहे, मऊ नावाच्या विणकरांच्या गावी. ईद झाली की. मुलगा मागावरच काम करतो. खूश आहेस का, मी विचारलं. "पता नहीं," ती म्हणाली. "अभी देखा नहीं है." मी तिला सांगणार होते की अनोळखी गावात पहिली दोन वर्षं जड जातात, नंतर सवय होते. पण ते खरं आहे की नाही याची मला खात्री नव्हती, म्हणून बोलले नाही.

भिंतीच्या सावलीची एक अरुंद पट्टी तेवढी अंगणात होती. सईदा तिथे फरशीवर बसली. मी तिच्याजवळ बसले. खांद्याला खांदा लागेल इतक्याच जागेत सावली होती. वड, हंस, सूर्य सगळे आमच्या डोक्यावर. बाहेरच्या गल्लीत सायकलची घंटी वाजली.

तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. बुरख्याच्या बाहीने कपाळ पुसलं.

थोड्या वेळाने घंटी पुन्हा वाजली, या वेळी जरा लांबवून. सईदा उठली नाही.